ट्रॅक्टरवर वाढीव दिवे, डेक व इतर उपकरणे जोडताना

भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर शिरूर व दौंड तालुक्यांत उसाचे मोठे क्षेत्र उभे आहे. गळीत हंगाम सुरू झाला की तोडणी दिवसा आणि वाहतूक बहुतांशी रात्री, असा क्रम पडतो. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत, वरवंड, पाटस, कुरकुंभ या पट्ट्यात किंवा न्हावऱ्याहून केडगाव-चौफुल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागून एक दिसतात. कंपनीतून येताना ट्रॅक्टरवर जेवढे दिवे असतात तेवढ्यावर या कामाचे भागत नाही. मागे फडात उजेड पडावा म्हणून दोन दिवे, ट्रॉल्यांना मागचे लाल दिवे, चालकाला झोप येऊ नये म्हणून डेक, मोबाइल चार्ज करण्याची सोय, अलीकडे जीपीएस ट्रॅकर, अशी भर पडत जाते. शिरूर तालुक्यात बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी धरण्यास जाणारेही ट्रॅक्टरवर मोठा दिवा बसवून घेतात.

यातील प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. अडचण असते ती जोडणीची. उपकरण चांगल्या दुकानातून, चार पैसे जास्त देऊन घेतले जाते. त्याला लागणारी वायर मात्र घरात पडलेली वापरली जाते आणि फ्यूज बहुधा बसविलाच जात नाही. परिणाम तीन प्रकारचे दिसतात. ट्रॅक्टर पहाटे सेल्फ घेत नाही, ट्रॉलीचा मागचा दिवा ऐन रस्त्यात विझतो, आणि क्वचित पण पूर्ण नुकसान करणारा प्रकार म्हणजे वायरिंगला आग लागते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपास जावा, अन्यथा वजन व साखर उतारा दोन्ही घटतात, हे आम्ही कृषिविद्येचे लोक नेहमी सांगतो. भरलेली ट्रॉली बॅटरीअभावी बांधावर उभी राहिली तर लागवडीपासून घेतलेल्या काळजीवर तिथेच पाणी पडते. म्हणून हा विषय पिकाच्या बाहेरचा मानू नये.

पाण्याच्या हिशेबाने वीज समजून घ्या

ठिबक संच बसविलेल्या शेतकऱ्याला हा विषय अवघड नाही. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह आणि वायर म्हणजे पाइप. लांबवर बारीक पाइप टाकला तर शेवटच्या ड्रिपरला दाब मिळत नाही, तसेच बारीक वायरीच्या टोकाला असलेल्या दिव्याला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. बॅटरी म्हणजे शेततळे आणि डायनॅमो, म्हणजे आल्टरनेटर, म्हणजे तळे भरणारी मोटार. तळ्यातून उपसा जास्त आणि भरणा कमी असेल तर तळे रिकामे होणारच.

एकच फरक लक्षात ठेवावा. पाणी पिकात जिरते, वीज मात्र बॅटरीच्या धन टोकापासून निघून उपकरणातून फिरून ऋण टोकापर्यंत परत यावी लागते. परतीची वाट खराब असेल तर जाण्याची वाट कितीही चांगली असून उपयोग नाही. ट्रॅक्टरवर ही परतीची वाट म्हणजे चेसिसचे लोखंड. त्याला आपण अर्थिंग म्हणतो. मागच्या दिव्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच परतीच्या वाटेत असते. त्याचा खुलासा पुढे केला आहे.

आधी डायनॅमोची क्षमता पाहा

कोणतेही नवीन उपकरण घेण्यापूर्वी डायनॅमोवरील पट्टीवर किती अँपिअर लिहिले आहे ते वाचावे. मध्यम ताकदीच्या अनेक ट्रॅक्टरांवर हा आकडा ३६ च्या आसपास असतो. हा आकडा इंजिन चांगल्या वेगात असतानाचा असतो. इंजिन मंद चालत असताना त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी वीज मिळू शकते.

आता खर्चाची बाजू मांडू. समोरचे दोन हॅलोजन दिवे प्रत्येकी ५५ वॅट, म्हणजे ११० वॅट. मीटरचे दिवे, पार्किंगचे दिवे वगैरे मिळून २५ वॅट. मागे फडात उजेड पाडणारे दोन हॅलोजन दिवे आणखी ११० वॅट. दोन ट्रॉल्यांचे चार लाल दिवे प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे २० वॅट. एकूण २६५ वॅट झाले. इंजिन चालू असताना संचात साधारण साडेतेरा व्होल्ट असतात. २६५ ला साडेतेराने भागल्यास सुमारे २० अँपिअर होतात. त्यावर अँप्लिफायरसह मोठा डेक लावला आणि त्याने १५ अँपिअर घेतले तर ३५ अँपिअर झाले. ३६ चा डायनॅमो येथेच संपला. बॅटरी भरण्यास काही उरले नाही. आणि कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत इंजिन मंद ठेवून हे सर्व चालू असेल तर फरक बॅटरीतून जातो.

डेकच्या खोक्यावर छापलेल्या हजार वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, तो बहुधा जाहिरातीचा असतो. त्याऐवजी अँप्लिफायरच्या पाठीमागे कंपनीने बसविलेला फ्यूज पाहावा. तेथे २० किंवा ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर जास्तीत जास्त तेवढी ओढ येऊ शकते असे समजावे. इंजिन बंद ठेवून १५ अँपिअरची ओढ अडीच तास चालली तर ३७ अँपिअर-तास खर्च होतात. ट्रॅक्टरची बॅटरी ८० अँपिअर-तासांची असली तर ती जवळजवळ अर्धी रिकामी झाली. त्यात बॅटरी दोन वर्षांची जुनी आणि पौषातली थंडी असेल, तर सेल्फ फिरण्याची खात्री नाही. सेल्फला काही सेकंदांपुरते का होईना, शेकडो अँपिअर लागतात.

वारंवार अर्धवट रिकामी राहणारी बॅटरी लवकर मरते, याचे कारण असे की प्लेटांवर तयार होणारे लेड सल्फेट वेळेवर चार्जिंग न मिळाल्यास कडक होते आणि मग ते पुन्हा विरघळत नाही. 'बॅटरीच खराब निघाली' अशी तक्रार करण्यापूर्वी तिच्यावर काय काय जोडले आहे ते मोजावे. इंजिन बंद करून काही तास उलटल्यावर मल्टिमीटरने बॅटरीचे व्होल्ट पाहिल्यास अंदाज येतो. १२.६ किंवा अधिक म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे ताबडतोब चार्जिंगला लावण्याजोगी. इंजिन चालू असताना हेच वाचन साधारण १३.८ ते १४.४ असावे. ते वाढतच नसेल तर डायनॅमो किंवा त्याचा पट्टा तपासावा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्याकडे पाना-पक्कडीबरोबर हा असावाच, असे माझे मत आहे.

खर्च कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे मागचे हॅलोजन दिवे काढून प्रत्येकी २० वॅटच्या आसपासचे एलईडी दिवे बसविणे. कामापुरता उजेड तेवढाच मिळतो आणि ओढ ९ अँपिअरवरून ३ वर येते. मात्र हे दिवे केवळ फडात वापरण्यासाठी आहेत. डांबरी रस्त्यावर चढताना ते बंद केले नाहीत तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि ट्रॉलीचा लाल दिवा त्याला दिसतच नाही. समोरच्या बाजूस पांढऱ्या एलईडी पट्ट्या लावून महामार्गावर फिरणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी फेरफार करता येत नाहीत. गाणी वाजविणाऱ्या किंवा बहुस्वरी हॉर्नलाही केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये मनाई आहे.

वायर किती जाड घ्यावी

यासाठी एक साधे गणित आहे. वायरीची जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला अँपिअरने गुणावे, पुन्हा ०.०१८ ने गुणावे आणि वायरीच्या चौरस मिलिमीटर जाडीने भागावे. उत्तर येते ते वाटेत गळालेले व्होल्ट. हा हिशेब तांब्याच्या वायरीचा आहे.

उदाहरण घेऊ. मागचे दोन हॅलोजन दिवे मिळून ९ अँपिअर घेतात. बॅटरीपासून दिव्यापर्यंत ५ मीटर आणि परत ५, म्हणजे १० मीटर. घरगुती १ चौ. मि.मी. वायर वापरली तर १० गुणिले ९ गुणिले ०.०१८ म्हणजे १.६ व्होल्ट वाटेतच गळाले. साडेतेरापैकी दिव्याला बाराच्या आत मिळाले. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्ट घटले की त्या प्रमाणात नव्हे, त्यापेक्षा फार वेगाने घटतो. येथे उजेडाचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला. शेतकरी म्हणतो बल्ब कमी पडतो आणि दुकानातून १०० वॅटचा बल्ब आणतो. त्याने ओढ दुपटीच्या जवळ जाते, तीच बारीक वायर आणखी तापते आणि तोटा वाढतो. त्याऐवजी २.५ चौ. मि.मी. वायर घातली असती तर गळती ०.६५ व्होल्टवर आली असती. दिव्यांसाठी ही गळती अर्ध्या व्होल्टच्या आसपास ठेवावी.

वायर घेताना टोक सोलून आतील तारा पाहाव्यात. बाजारात वरचे प्लॅस्टिक जाड आणि आत मोजक्या तारा, असा माल भरपूर आहे. काही वायरींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने खरवडल्यास आतून पांढरी निघते. ती घेऊ नये. एकेरी जाड तारेची घरगुती वायर ट्रॅक्टरच्या कंपनाने तुटते. बारीक बारीक तारांची, लवचिक वायरच वापरावी. सांधे दातांनी सोलून, पीळ मारून, काळी टेप गुंडाळण्याची पद्धत सोडावी. ही टेप उन्हात आणि डिझेलच्या संपर्कात सुटते व चिकट होते. योग्य मापाचे थिंबल घेऊन ते पक्कडीने नीट दाबून बसवावे.

फ्यूज बॅटरीजवळ, उपकरणाजवळ नव्हे

फ्यूज उपकरण वाचवितो असा सर्वसाधारण समज आहे. खरे म्हणजे फ्यूज वायर वाचवितो. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वायर वाटेत कुठेही घासून उघडी पडली आणि चेसिसला टेकली, तर बॅटरी तिच्यातून क्षणात शेकडो अँपिअर ढकलते. वायर काही सेकंदांत लाल होते. फ्यूज डेकजवळ बसविला असेल तर हा सारा प्रवाह फ्यूजपर्यंत पोचतच नाही. म्हणून फ्यूज धन टोकापासून एक वीतभर अंतराच्या आतच बसवावा. वायर बॅटरीच्या पेटीच्या पत्र्यातून जेथे बाहेर येते तेथे रबरी कडी घालावी आणि पुढे ती लवचिक नळीतून न्यावी. सायलेन्सरपासून आणि डिझेलच्या नळ्यांपासून ती लांब ठेवावी. ट्रॅक्टरवर पाचटाचा भुसा साचतो, तो बॅटरीच्या पेटीत व वायरींवर अडकलेला असतो. वाळलेले पाचट आणि तापलेली वायर एकत्र आल्यावर वेगळी काडी लागत नाही, आणि ट्रॅक्टर जर उसाच्या फडात उभा असेल तर आग ट्रॅक्टरपुरती राहत नाही.

फ्यूज किती अँपिअरचा असावा? उपकरणाच्या ओढीपेक्षा सव्वा ते दीडपट, पण वायरीच्या सोसण्यापेक्षा जास्त कधीही नाही. १ चौ. मि.मी. वायरीवर १० अँपिअर, १.५ वर १५ आणि २.५ वर २० अँपिअरचा फ्यूज ही सुरक्षित मर्यादा समजावी. पात्याच्या आकाराचे प्लॅस्टिकचे फ्यूज रंगावरून ओळखता येतात. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा व हिरवा ३० चा असतो. दोन-दोन जादा फ्यूज टूलबॉक्समध्ये ठेवावेत. फ्यूज उडाल्यावर सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तारेचा तुकडा लावून काम भागविणारे आहेत. त्यांनी फ्यूज काढून टाकला असेच म्हणावे लागेल. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर वायर कोठे घासते ते शोधावे.

स्विचवर भार टाकू नका, रिले वापरा

मागच्या दिव्यांसाठी वायर हेडलाइटच्या वायरीतून फोडून घेणे ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे. हेडलाइटची वायर व स्विच दोन दिव्यांच्या हिशेबाने बनविलेले असतात. चार दिवे त्यावर टाकले की स्विच तापतो, आतील पितळी पट्टी काळवंडते आणि एके रात्री समोरचे दिवेही जातात. याला उपाय रिलेचा. सेल्फचा सोलेनॉइड ज्या तत्त्वावर काम करतो त्याच तत्त्वावर हा छोटा डबा चालतो. स्विचमधून अँपिअरचा पाचवा हिस्सादेखील जात नाही, आणि मोठा प्रवाह रिलेतून परस्पर जातो.

रिलेच्या तळाला आकडे छापलेले असतात. ३० या पिनेला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ ला दिव्यांकडे जाणारी जाड वायर, ८६ ला स्विचकडून आलेली बारीक वायर आणि ८५ ला अर्थिंग जोडावे. स्विचला वीज चावीच्या लाइनीतून घ्यावी, म्हणजे चावी काढली की दिवे बंद होतात आणि विसरून राहण्याचा प्रश्न उरत नाही. चार पिनांचा रिले, त्याचा सॉकेट व फ्यूजची डबी यांचा एकत्र खर्च एका हॅलोजन बल्बपेक्षा फार जास्त नसतो. डेकसाठीही वीज चावीच्या लाइनीवरील रिलेतून द्यावी असे मी सुचवेन. चालकांना हे आवडत नाही, कारण नंबरला उभे असताना गाणी बंद होतात. पण पहाटे दुसऱ्याचा ट्रॅक्टर शोधून धक्का मारण्यापेक्षा ते बरे.

ट्रॉलीचा मागचा दिवा

आता सर्वात महत्त्वाच्या भागाकडे वळू. रात्री रस्त्यावर भरलेली ट्रॉली ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने चालते. मागून येणारी मोटार त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने येते. दुचाकीस्वाराला उसाचा काळा ढीग अगदी जवळ आल्यावर दिसतो. अशा वेळी त्याचा जीव ५ वॅटच्या लाल बल्बवर अवलंबून असतो, आणि हा बल्ब संपूर्ण ट्रॅक्टरवर सर्वात वाईट जोडलेला असतो.

नेहमीची जोडणी अशी असते. ट्रॅक्टरकडून ट्रॉलीला एकच वायर नेलेली असते आणि परतीची वाट म्हणून ट्रॉलीच्या सांगाड्यावर भरवसा ठेवलेला असतो. ट्रॉलीचे लोखंड ट्रॅक्टरला जेथे मिळते ती जागा म्हणजे हूक आणि पिन. तेथे ग्रीस, गंज आणि माती असते. ट्रॉली ओढली की लोखंड घट्ट टेकते, उतारावर सैल पडते. म्हणून दिवा कधी लागतो, कधी फडफडतो, कधी विझतो. दुसऱ्या ट्रॉलीला असे दोन हूक पार करावे लागतात. वायरमन बल्ब बदलतो, होल्डर बदलतो आणि दोष तसाच राहतो, कारण दोष हुकात आहे.

हे ओळखण्याची सोपी रीत सांगतो. दिवा चालू ठेवून एका सुट्या वायरीचे एक टोक ट्रॅक्टरच्या चेसिसवर स्वच्छ जागी आणि दुसरे टोक ट्रॉलीच्या दिव्याच्या लोखंडी बूडाला टेकवावे. दिवा एकदम उजळला तर परतीची वाट खराब आहे असे निश्चित समजावे. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे दिव्याच्या बूडाला लावावे. वाचन ०.२ व्होल्टच्या आत हवे. एक-दोन व्होल्ट आले तर तेवढे व्होल्ट हुकात गळत आहेत. आणखी एक खूण म्हणजे इंडिकेटर दिला की लाल दिवाही त्याच तालावर मिचकावतो, किंवा ब्रेक दाबला की मागचे इतर दिवे मंद होतात. वीज सरळ वाटेने परत जाऊ शकत नाही म्हणून दुसऱ्या बल्बमधून वाट काढते, त्याचे हे लक्षण होय.

उपाय एकच. ट्रॉलीसाठी अर्थिंगची वेगळी वायर टाकावी. अलीकडच्या अनेक ट्रॅक्टरांना मागे सात पिनांचा सॉकेट असतो, त्यात अर्थिंगसाठी स्वतंत्र पिन असते. तिचा उपयोग करावा. कोणती पिन कशाची हे रंगावरून गृहीत न धरता टेस्ट लॅम्प लावून पाहावे, कारण मध्ये कोणीतरी वायरी बदललेल्या असू शकतात. पहिल्या ट्रॉलीच्या मागे तसाच सॉकेट बसवून दुसऱ्या ट्रॉलीला तेथून वीज न्यावी. अर्थिंगची वायर इतर वायरींपेक्षा जाड घ्यावी, कारण सर्व दिव्यांचा प्रवाह एकत्र होऊन तिच्यातून परत येतो. २.५ चौ. मि.मी. पुरेशी होते. हुकाजवळ वळण घेता येईल इतकी ढील द्यावी, पण जमिनीला घासणार नाही असे बांधावे. जोड लावण्यापूर्वी पिना सँडपेपरने घासून घ्याव्यात आणि त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. ट्रॉलीवर एलईडीचे लाल दिवे बसविल्यास वायरीवरील भार नगण्य होतो आणि फिलामेंट धक्क्याने तुटण्याचा प्रश्न मिटतो. अर्थिंग खराब असेल तर मात्र एलईडीही लागत नाही, हे विसरू नये.

दिव्याची जागाही पाहावी. मोळ्या बाहेर लोंबतात आणि वाढ्यांनी दिवा झाकला जातो. दिवा सांगाड्याच्या अगदी बाहेरच्या टोकाला, लोखंडी पट्टीच्या आडोशाला बसवावा आणि भरून झाल्यावर चार पावले मागे जाऊन तो दिसतो का ते पाहावे. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याकडेला सुटी उभी राहते तेव्हा ट्रॅक्टरची वीज तिला मिळत नाही. त्या वेळी कामी येतात ते रिफ्लेक्टर. त्यांना ना वायर लागते ना बॅटरी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०४ प्रमाणे ते बसविणे बंधनकारकही आहे. रिफ्लेक्टरवर चिखल व मळी बसते, ते दर खेपेला फडक्याने पुसावे लागतात. याशिवाय स्वतःच्या सेलवर चालणारा एक लाल लुकलुकणारा दिवा चालकाजवळ असू द्यावा.

ट्रक, पिकअप आणि मोटारीविषयी थोडेसे

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ट्रकचा बल्ब ट्रॅक्टरवर मंद जळतो आणि ट्रॅक्टरचा ट्रकवर लगेच उडतो. ट्रकमध्ये डेकसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची प्रथा आहे. त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी राहते व दुसरीला जादा चार्जिंग मिळते. दोन्ही लवकर खराब होतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो वापरावा.

पिकअप, जीप व मोटारीला फ्यूज, वायर व रिलेचे वरील सर्व नियम तसेच लागू आहेत. नवीन मोटारींपैकी काहींत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा लहान सेन्सर असतो. अशा गाडीत उपकरणाचे अर्थिंग थेट ऋण टोकाला न जोडता चेसिसला जोडावे, नाहीतर गाडीच्या यंत्रणेला त्या ओढीचा पत्ता लागत नाही आणि बॅटरी नीट भरली जात नाही. वॉरंटीतील वाहनावर वायर कापण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

बॅटरीपाशी काम करताना

काम सुरू करण्यापूर्वी प्रथम ऋण टोक, म्हणजे काळी वायर, सोडावी व नंतर धन. जोडताना याच्या उलट, धन आधी व ऋण शेवटी. कारण सरळ आहे. ऋण जोडलेले असताना धन टोक सोडायला गेलात आणि पाना चेसिसला लागला तर ठिणगी उडते. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ठिणगीने बॅटरी फुटल्यास आम्ल डोळ्यात जाते. दुसऱ्या बॅटरीवरून सेल्फ मारताना धनाला धन जोडावे आणि काळ्या वायरीचे शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर इंजिनच्या लोखंडावर लावावे.

डायनॅमो चालतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टोक काढण्याची जुनी पद्धत आहे. ती पूर्णपणे बंद करावी. टोक निघताच संचातील व्होल्ट एकदम उसळतात. डायनॅमोचे डायोड आणि जोडलेले डेक, ट्रॅकर जळतात. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नवीन ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले. तेव्हापासूनच्या अशा अनेक ट्रॅक्टरांत इंजिनाचे नियंत्रण संगणकीय यंत्रणेकडे आहे, आणि तिची किंमत बल्बसारखी किरकोळ नाही. याच कारणासाठी ट्रॉलीला वेल्डिंग करताना ती ट्रॅक्टरपासून सोडून घ्यावी. सातपिनी जोडही काढावा. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करणे भाग असेल तर बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे आणि वेल्डिंगची अर्थिंग क्लिप कामाच्या अगदी जवळ लावावी.

बॅटरीत पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड. आपल्या भागातील बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, त्याने प्लेटा खराब होतात. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर ती खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावी. धुताना बॅटरीची झाकणे घट्ट लावलेली असावीत.

हंगाम संपल्यावर

वाहतूक थांबली की ट्रॅक्टर कधी कधी आठवडेच्या आठवडे उभा राहतो. जीपीएस ट्रॅकर मात्र चावी बंद असतानाही वीज घेत असतो. ही ओढ ५० मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास होतात. ८० च्या बॅटरीचा निम्मा साठा काहीही न करता संपतो. अशा काळात ऋण टोक सोडून ठेवावे, किंवा पंधरवड्यातून एकदा ट्रॅक्टर चालू करून अर्धा-पाऊण तास चांगल्या वेगात चालवावा; नुसता मंद चालविल्याने बॅटरी भरत नाही. ट्रॅकर कर्ज देणाऱ्या संस्थेने किंवा वाहतूक ठेकेदाराने बसविलेला असेल तर टोक सोडण्यापूर्वी त्यांना कळवावे.

चाऱ्याच्या गंजीशेजारी उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात. दसऱ्याच्या सुमारास हंगामाची तयारी सुरू होते. त्या वेळी बॉनेट उघडून भुसा काढावा, सर्व वायरी हाताने चाचपून पाहाव्यात, कुरतडलेली वायर टेप न मारता बदलावी आणि त्यानंतरच धन व शेवटी ऋण टोक जोडावे. मग दोन्ही ट्रॉल्या लावून, अंधार पडल्यावर, एकाने ब्रेक व इंडिकेटर द्यावेत आणि दुसऱ्याने शेवटच्या ट्रॉलीच्या मागे उभे राहून प्रत्येक दिवा पाहावा.